मासे खाऊ नका म्हणणाऱ्यांनो, नदी कुणी नासवली?

तंजावर म्हटलं की मराठी माणसाला एकोजीराजे आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवतं. त्या राज्याला पोसणाऱ्या कावेरीच्या पाटांवर राबणारे दलित शेतमजूर कुणाला आठवत नाहीत. याच जुन्या तंजावर जिल्ह्यात, कीळवेण्मणीला, २५ डिसेंबर १९६८ रोजी मजुरीवाढीसाठी लढणाऱ्यांच्या कुटुंबांतली ४४ माणसं जिवंत जाळली गेली. ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याला पाटातला मासा म्हणजे बिनपैशाचं कालवण.

आता त्या कालवणावरही संशयाची सावली आहे. तिरुप्पूरच्या कारखान्यांचं रंगाचं पाणी नोय्यल नदीत सोडलं गेलं आणि नोय्यल कावेरीलाच मिळते. शेतीसाठी बांधलेलं ओरत्तुपालयम धरण सांडपाण्याचं तळं झालं. अखेर २०११ साली मद्रास उच्च न्यायालयाला रंगाईचे कारखाने बंद करण्याचा आदेश द्यावा लागला. वरच्या अंगाला, कृष्णराजसागर परिसरातल्या पाण्यात बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने झेब्राफिशची पिलं वाढवून पाहिली. त्यांच्या हाडांत व्यंगं दिसली. हा प्रयोग माशांवरचा आहे, माणसावरचा नाही. पण धोक्याची घंटा म्हणून तो पुरेसा आहे.

शिसं, पारा, कॅडमियम उकळून वा तळून जात नाहीत. शिशाने लेकरांची बुद्धी खुंटते, कॅडमियम मूत्रपिंडं खातं, पारा गर्भातल्या बाळाच्या मेंदूवर घाला घालतो. लहान मासा खाणाऱ्या मोठ्या माशात पारा साठत जातो. जपानच्या मिनामाता गावात १९५६ साली हा आजार उघड झाला. तिथेही आधी बळी गेले ते मच्छीमारांच्या घरचे, आणि दोषी कारखाना वर्षानुवर्षं हात झटकत राहिला.

आपल्याकडे मात्र उपदेश तयार असतो: ‘नदीतले मासे खाऊ नका.’ मग खायचं काय? स्वस्त प्रथिनं हिरावून घ्यायची, वर मांसाहाराला नाक मुरडायचं आणि विष ओतणाऱ्याला हात लावायचा नाही! २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते पाण्यावरचा हक्क मिळवण्यासाठी. हक्क मिळाला, पण पाणीच विषारी मिळालं, तर तो हक्क कुठल्या कामाचा? शिवाशिवीत पाणी नाकारलं जायचं. आता नासवलेलं पाणी खालच्या अंगाला सोडून दिलं जातं.

घरात पहिली पदवी घेतलेल्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्या पदवीचं काम इथेच आहे. माहिती अधिकारात अर्ज करा: आपल्या नदीतले मासे कधी तपासले, कुठे, आणि काय सापडलं? निकाल लोकांच्या भाषेत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे. मासे खाण्याजोगे नसतील, तर नासवणाऱ्याकडून भरपाई आणि लोकांना पर्यायी अन्न, दोन्ही मागा. तोवर घरच्यांना सांगा: मेलेला, तरंगता मासा उचलू नका, नाल्याच्या तोंडाशी जाळं टाकू नका, काळीज आणि आतडी फेकून द्या. एवढ्याने धोका टळत नाही, थोडा कमी होतो.

बाकीचा धोका आपल्या चुलीवर टळणार नाही. तो कारखान्याच्या नळीशीच रोखावा लागेल.