काळ्या सरदाराचा पंचनामा

दोस्तांनो, कार्टून बघताना तुमच्यापैकी कुणीतरी मध्येच ओरडतं, "अरे, आत्ता त्याच्या डोक्यावर टोपी होती! गेली कुठे?" आणि आतून आवाज येतो, "तेवढं लक्ष गणितात दे!" आज मी ओरडणाऱ्याच्या बाजूने. कारण आपण एका गाजलेल्या कार्टून-रहस्यकथेचा पंचनामा करणार आहोत.

आरोपी आहे 'स्कूबी डू, व्हेअर आर यू!' या मालिकेचा पहिलावहिला भाग. १३ सप्टेंबर १९६९ रोजी तो अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर दाखवला गेला. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आलं आणि मग स्कूबी केबलवरून ठाणे-डोंबिवलीच्या घराघरांत भुंकू लागला.

भागाचं नाव 'व्हॉट अ नाइट फॉर अ नाइट'. पहिला नाइट म्हणजे रात्र, दुसरा म्हणजे चिलखत घातलेला सरदार. इंग्रजीत स्पेलिंग वेगळं, उच्चार एकच. देवनागरीत लिहिलं तर गंमत कळायचीच नाही!

गोष्ट अशी. पौर्णिमेच्या रात्री एक प्राध्यापक गाडीतून जुनं चिलखत घेऊन निघालेत. मागच्या खोक्यातून चिलखत उठून बसतं! नंतर शॅगी आणि स्कूबीला रस्त्यात ती गाडी दिसते. प्राध्यापक गायब, चालकाच्या जागी चिलखत. ते संग्रहालयात पोचवल्यावर मुलांना दंतकथा कळते की, पूर्ण चंद्र असला की काळा सरदार जिवंत होतो. रात्री तो खरंच पाठलाग करतो. शेवटी शिरस्त्राण काढलं तर आत कोण? संग्रहालयाचेच प्रमुख, विकल्स! अस्सल चित्रं विकून जागी नकला टांगण्याचा त्यांचा धंदा. पुरातत्त्वाचे जाणकार असलेले प्राध्यापक नकला ओळखतील, म्हणून त्यांना पळवलेलं.

आता पंचनामा. कार्टूनमधल्या चुका दोन जातींच्या असतात. एक हाताची, दुसरी डोक्याची.

हाताची चूक म्हणजे चित्रातली. हिशेब करा. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. २२ मिनिटांच्या भागाच्या झाल्या ३१,६८०. एक चित्र दोन-दोन चौकटींना वापरलं तरी १५,८४० चित्रं हवीत. तेव्हा कॉम्प्युटर मदतीला नव्हता. 'सेल' नावाच्या पारदर्शक प्लास्टिकवर चित्राच्या रेघा उतरवायच्या, पाठीमागून रंग भरायचा आणि असे थर एकावर एक ठेवून फोटो घ्यायचा. शरीर एका थरावर, तोंड दुसऱ्यावर, डोळे तिसऱ्यावर. एक थर ठेवायचा राहिला की चष्मा गायब. रंगाची चुकीची बाटली उचलली गेली की रुमालाचा रंग बदलला. दर आठवड्याला नवा भाग द्यायचा, मग अशा चुका राहणारच.

काही गोष्टी मात्र चुकीसारख्या दिसतात, पण असतात काटकसर. पळापळीत मागे तेच दार, तोच दिवा पुन्हा पुन्हा येतो ना? पार्श्वभूमीचं लांबलचक चित्र एकदाच काढून फिरवत राहायचं. समजा, डोंबिवलीहून ठाण्याला लोकलने निघालात. कोपर, दिवा, मुंब्रा... आणि पुन्हा कोपर, दिवा, मुंब्रा! कळवा येतच नाही. कार्टूनवाल्यांचा प्रवास असाच चालतो. हॅना-बार्बेरा या कंपनीचं योगी अस्वल आठवतं? त्याच्या गळ्यात कॉलर आणि टाय का? डोकं हललं तरी धड तसंच ठेवता यावं आणि जोड दिसू नये म्हणून!

डोक्याची चूक म्हणजे गोष्टीतलं भोक. खरा गुप्तहेर तीच पकडतो. सांगा पाहू, चिलखतात विकल्स होते, तर ते प्रवासात खोक्यात शिरले कधी? आणि प्राध्यापकांना पळवल्यावर चिलखत रस्त्यात सोडून दिलं कशाला? गाडी लपवली असती तर ही मुलं संग्रहालयाकडे फिरकलीच नसती!

कुणी म्हणेल, "पौर्णिमा तर एकाच रात्री. मग सरदार दुसऱ्या रात्री कसा फिरला?" थांबा, घाई नको. कोजागरीला गच्चीवर दूध पिताना चंद्र बघा आणि दुसऱ्या रात्री पुन्हा बघा. साध्या डोळ्यांना तो गोलच वाटतो, फक्त साधारण पाऊण तास उशिरा उगवतो. म्हणजे ही चूक नाहीच. ओरडण्याआधी तपासायचं, ते यासाठी.

माहीत आहे का?
१. स्कूबीचं नाव आधी 'टू मच' ठरलं होतं. फ्रँक सिनात्राच्या एका गाण्याच्या शेवटी येणाऱ्या 'डू-बी-डू'वरून नवं नाव सुचलं.
२. चित्रकार इवाओ ताकामोतो यांनी उत्तम ग्रेट डेन कुत्रा कसा असतो ते विचारून घेतलं आणि मुद्दाम उलटं काढलं. म्हणून स्कूबीचे पाय फेंगडे आणि पाठ उतरती.
३. डॅफ्नीचा आवाज १९७० मध्ये बदलला. तो कलाकार बदलल्यामुळे, सर्दीमुळे नव्हे!

आता तुमची पाळी. कोणताही एक भाग बघा आणि वहीत दोन रकाने आखा. एकात हाताच्या चुका, दुसऱ्यात डोक्याच्या. पहिला रकाना भरताना हसा, पण हिणवू नका. तिथे कुणीतरी रात्री जागून ब्रश चालवलाय. दुसरा भरताना मात्र अजिबात सोडू नका. "पूर्ण चंद्राला सरदार जिवंत होतो" असं कुणी सांगितलं की विचारायचं, कुणी पाहिलं? त्यात फायदा कुणाचा?

आणि आई-बाबा, हाच प्रश्न उद्या एखाद्या बाबाच्या चमत्काराबद्दल तुमच्या घरी विचारला गेला, तर रागावू नका. पंचनामा कामी आला, एवढंच समजा.