नकली नोट पुढे सरकवू नका

अब्बूंच्या दुकानात पाचशेची नकली नोट आली. "आपल्या नावामागे पोलिसांचं लचांड नको, गल्ल्यातून पुढे सरकवा," शेजारी म्हणाले. ही भीती मला कळते, पण सल्ला चुकीचा आहे. नकली आहे हे ठाऊक असताना नोट खपवणं गुन्हा आहे आणि फटका पुढच्या गरिबाला बसतो.

नोट तिरकी करून बघा: खऱ्या पाचशेतला धागा हिरव्याचा निळा होतो, दोन्ही कडांच्या पाच तिरक्या रेघा बोटाला लागतात. शंका आली तर बँकेत न्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नकली नोट बँक जप्त करते, पावती देते. एका व्यवहारात चारपर्यंत नोटा असतील तर बँक पोलिसांना फक्त मासिक अहवाल पाठवते. पाच किंवा जास्त असतील तर एफआयआर. पैसे परत मिळत नाहीत. आम्ही पाचशे सोसले, पावती मात्र मागून घेतली. तुम्हीही घ्या.