उत्तर बरोबर आले, एवढे पुरे का?

विद्यार्थिमित्रांनो, गळीत हंगामात श्रीगोंद्याच्या रस्त्यांवरून साखर कारखान्याकडे जाणारी उसाची वाहने तुम्ही पाहिली असतील. काट्यावर आधी भरलेल्या वाहनाचे वजन होते, ऊस उतरवल्यावर रिकाम्याचे. वजाबाकी केली की उसाचे वजन मिळते. त्याला दराने गुणायचे, तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा करायचा, की शेतकऱ्याचे बिल तयार!

समजा, ही आज्ञावली तुम्ही संगणकासाठी लिहिलीत. आधी बैलगाडीचा हिशेब लिहिला. मग तोच उतरवून थोड्या फरकाने ट्रॅक्टरसाठी आणि पुन्हा ट्रकसाठी. उत्तर बरोबर आले, गुणही पूर्ण मिळाले. पुढच्या हंगामात दर टनामागे १०० रुपयांनी वाढला. तुम्ही दोन जागी दुरुस्ती केलीत, तिसरी विसरलात. संगणक तक्रार करत नाही. ट्रकने १० टन ऊस पाठवणाऱ्याला तो मुकाट्याने १,००० रुपये कमी देतो!

म्हणून चालणारी आज्ञावलीही पुन्हा नीट मांडावी लागते. वजन काढणे, रक्कम काढणे, कपात करणे, बिल छापणे असे तिचे भाग पाडा. प्रत्येक भागाला एकच काम आणि त्या कामाचे नाव द्या. मग प्रत्येक भाग वेगळा तपासता येतो : भरलेले वाहन १५ टन, रिकामे ५ टन, तर उत्तर १० टनच यायला हवे.

भाग किती पाडावेत? प्रत्येक ओळीचा तुकडा केला, तर गोंधळ वाढेल. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली चांगली कसोटी सांगितली : जे बदलण्याचा संभव आहे, ते एका भागात झाकून ठेवा. आपल्या उदाहरणात दर एकाच जागी असावा. मार्टिन फाउलर यांच्या १९९९ च्या पुस्तकामुळे या पुनर्रचनेची पद्धत सर्वत्र माहीत झाली. तिचा नियम सोपा आहे : एका वेळी छोटा बदल करा आणि दर वेळी जुनी उदाहरणे सोडवून उत्तरे तीच येतात ना, ते पाहा.

शिक्षकांनाही एक विनंती. निबंधाचा कच्चा खर्डा आपण पक्का करून घेतो. आज्ञावलीचा का नको? दहापैकी सहा गुण उत्तराला आणि चार मांडणीला ठेवून पाहा. आज वर्गात चुकला तर एक गुण जाईल. उद्या चुकला तर कुणाच्या तरी घामाचे पैसे जातील.