दुकानाचं कर्ज, घराचं कर्ज

परवा पुतण्याचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "काका, एक सही हवी होती. फक्त फॉर्मॅलिटी आहे."

त्याने मित्राबरोबर प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली आहे. दोन मशीन घ्यायची आहेत, बँक कर्ज द्यायला तयार आहे, पण घरातल्या कोणाची तरी वैयक्तिक हमी मागते. म्हणजे माझी. मी आयुष्यभर हिशेब लिहिले. रिटायर झालो तरी अशी सही 'फॉर्मॅलिटी' नसते हे मला झोपेतसुद्धा कळतं. पण फोनवर काही बोललो नाही. "बघतो," म्हणालो आणि फोन ठेवला. तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे, म्हणून लिहून काढतोय. (आत्या, हे वाचून लगेच फोन करू नकोस, शेवटपर्यंत वाच!)

नात्यातल्या बऱ्याच जणांना धाकट्या काकांचा छापखाना आठवत असेल. दारातून आत गेलं की शाईचा आणि रॉकेलचा वास. लाकडी केसमध्ये खिळे, आणि कंपोझिटर बघता बघता उलटी अक्षरं जुळवायचा. आपल्या घरातल्या निम्म्या लग्नपत्रिका तिथेच छापल्या गेल्या. ट्रेडलवर भागेना तेव्हा काकांनी जुनं ऑफसेट मशीन घेतलं, कर्ज काढून. पुढे जे झालं ते आपल्या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. मशीन गेलं, मग मागची जागा गेली, मग बाबांनी आपला प्लॉट विकला. काका लग्नाकार्याला यायचे बंद झाले. ज्याने सगळ्यांच्या पत्रिका छापल्या तो माणूस कुठल्याच लग्नात दिसेना.

मी तेव्हा नोकरीला लागलेलो होतो आणि मला एकच प्रश्न पडायचा. छापखाना बुडाला, हे ठीक. पण काका का बुडाले?

उत्तर साधं आहे. छापखाना काकांच्या एकट्याच्या नावावर होता. असा धंदा आणि त्याचा मालक यांच्यात कायदा भिंत मानतच नाही. मशीनचं कर्ज आणि घरातल्या फ्रीजचं कर्ज एकाच माणसाचं. भागीदारी असती तर आणखी वाईट, भागीदाराने केलेलं देणंही तुमच्याच डोक्यावर. याउलट कंपनी म्हणजे कायद्याच्या दृष्टीने एक वेगळी व्यक्ती. हे पक्कं झालं १८९६ साली, लंडनच्या सॉलोमन नावाच्या चामड्याचे बूट बनवणाऱ्याच्या खटल्यात. सात भागधारक लागायचे, तर गृहस्थाने स्वतः, बायको आणि पाच मुलं मिळून सात भरले! कंपनी बुडाली. देणेकरी म्हणाले, ही कंपनी कसली, हा तर सॉलोमनच. हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं, नाही, कंपनी वेगळी आणि सॉलोमन वेगळा. तेव्हापासून जगभरचे उद्योजक त्या भिंतीच्या आडोशाला सुखाने झोपतात.

मला ही भिंत वाईट वाटत नाही. ती नसती तर नवा धंदा काढायला कोणी धजावलं नसतं. माझी तक्रार वेगळी आहे. ही भिंत ज्याला परवडते त्यालाच मिळते.

मी ज्या कारखान्यांचे हिशेब पाहिले, त्यांतला एक काही वर्षांपूर्वी दिवाळखोरीत गेला. मोठ्या बँका समितीत बसल्या, कोणी किती सोडायचं ते ठरलं, कारखाना दुसऱ्याने घेतला. पण त्या कारखान्याला जॉबवर्क करून देणारा एक वर्कशॉपवाला होता, चार लेथ आणि सहा माणसं. त्याच्या बिलाचे रुपयात काही पैसे आले. त्याचा स्वतःचा धंदा काकांसारखाच, एकट्याच्या नावाचा. म्हणजे मोठ्याचं बुडणं भिंतीपाशी थांबलं आणि ह्याच्या मात्र स्वयंपाकघरापर्यंत गेलं.

आपल्याकडे २०१६ साली नादारी व दिवाळखोरी संहिता आली. ('नादारी' म्हटलं की माझ्या पिढीला शाळेतली फी माफी आठवते. नादार विद्यार्थी हात वर करा, असं वर्गात विचारायचे आणि हात वर करताना कान गरम व्हायचे. तोच शब्द कायद्यात!) संहितेतला कंपन्यांचा भाग लगेच, त्याच वर्षी लागू झाला. साध्या माणसांसाठीही त्यात एक भाग लिहिलेला आहे. अगदी गरीब ऋणकोला नव्याने सुरुवात करता यावी अशी तरतूद आहे: वर्षाचं उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, कर्ज ३५,००० पर्यंत आणि स्वतःचं घर नाही, अशा माणसाचं कर्ज माफ करण्याची. आकडे वाचूनच लक्षात येईल की यात बसणारा माणूस शोधावा लागेल. पण तेवढंसुद्धा अंमलात आलेलं नाही. साधा माणूस अजूनही इंग्रजांच्या कायद्यांवरच आहे: मुंबई, कोलकाता, चेन्नईसाठी १९०९ चा आणि बाकी बहुतेक ठिकाणी १९२० चा.

नाही म्हणायला माणसांच्या भागातला एक तुकडा मात्र १ डिसेंबर २०१९ पासून लागू केला. कोणासाठी? कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांसाठी! हेतू समजण्यासारखा होता. बडे प्रवर्तक कंपनी बुडवून स्वतः मजेत राहतात, त्यांना धरायचं होतं. ते बरोबरच. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे मान्य केलं आणि सांगितलं की कंपनीचा तोडगा मंजूर झाला म्हणून हमीदार आपोआप सुटत नाही. म्हणजे कंपनीला सूट मिळेल, उरलेल्यासाठी बँक हमीदाराच्या दारात येऊ शकेल. जाळं मोठ्या माशांसाठी विणलं खरं, पण त्यात पुतण्याचा काकाही बसतो.

पूर्वी आपल्याकडे कर्जाची विभागणी वेगळीच होती. बापाचं ऋण मुलाने, नातवाने फेडायचं, हा धर्म. हिंदू कायद्यातली ही पवित्र जबाबदारी नव्या कर्जांपुरती २००५ च्या दुरुस्तीने संपली. पण त्या जुन्या नियमालाही अपवाद होता: जुगाराचं, दारूचं कर्ज मुलावर बंधनकारक नाही. शिवाय दामदुपट होतीच, व्याज मुद्दलाच्या वर जायचं नाही. म्हणजे शास्त्रकार विचारत होते, कर्ज कशासाठी काढलं? आजचा कायदा विचारतो, कोणाच्या नावावर काढलं?

न्यू जर्सीचा चुलतभाऊ म्हणतो, त्यांच्याकडे अजूनही 'कशासाठी' विचारतात, पण उलट बाजूने. २००५ च्या बदलानंतर, कर्ज मुख्यतः घरगुती असेल, म्हणजे घर, गाडी, क्रेडिट कार्डावरचा किराणा, तर कर्जमाफी मागणाऱ्याची मिळकत तपासतात, जास्त निघाली तर हप्ते बांधून देतात. कर्ज मुख्यतः धंद्याचं असेल तर ती चाचणीच नाही. धंद्यात बुडालेला धाडसी आणि संसारात बुडालेला उधळ्या, असा काहीसा हिशेब.

आपल्याकडे धंद्यात बुडालेला साधा माणूसही उधळ्याच ठरतो. पूर्वी दिवाळं निघालेला व्यापारी भरदिवसा दुकानात दिवा लावायचा आणि त्यावरून हा शब्द आला, असं सांगतात. काकांनी दिवा लावला नाही, तरी गावाने त्यांना तसंच वागवलं. आणि नादार ठरलेला माणूस त्यातून मुक्त होईपर्यंत आपल्या राज्यघटनेनुसार खासदार, आमदार होऊ शकत नाही. कंपनी बुडवणारा संचालक तेवढ्या कारणाने अपात्र ठरत नाही, कारण बुडाली ती कंपनी, तो नव्हे.

माझं मत विचाराल तर साध्या माणसांचा भाग आधी लागू व्हायला हवा होता, निदान बरोबरीने. आणि छोट्या कर्जांना काका-मामांच्या हमीचा आग्रह थांबायला हवा. मशीन तारण आहे, कंपनी तारण आहे, मग आमची घरं कशाला?

असो. बाबांना मी एकदा विचारलं होतं, प्लॉट का विकलात, कायद्याने तुमच्यावर काहीच नव्हतं. ते म्हणाले, "कायदा जेवायला समोर बसत नाही. भाऊ बसतो." यावर मला तेव्हा काही सुचलं नाही आणि आजही सुचत नाही.

पुतण्या रविवारी येतोय. सही करणार नाही असं त्याला सांगायचं ठरवलंय. त्याऐवजी माझ्या एफडीतले पाच लाख देईन, शेअर घेऊन, बुडाले तर बुडाले, कोणी परत मागायचे नाहीत. बायको म्हणते, तो नाराज होईल. होऊ दे. पण जेवायला थांब म्हणून मात्र आधीच सांगून ठेवलंय.