कोलकात्यातला एक दिवस : दगडावरचे नाव, कागदावरचे नाव

१/ कोलकात्यात इतिहासप्रेमी प्रवाशाच्या हाती एकच दिवस असेल, तर त्याने सकाळ चौरंगीवरील भारतीय संग्रहालयाला द्यावी आणि दुपार अलीपूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला. बहुतेक प्रवासी पहिले पाहतात आणि दुसरे वगळतात. तिथेच त्यांचा दिवस अर्धा राहतो.

२/ संग्रहालयाची स्थापना १८१४ ची. तेथील भरहुत दालनात तांबूस वालुकाश्माचे तोरण आणि स्तूपाभोवतीचा कठडा उभा आहे. प्रवासी जातककथांची शिल्पे न्याहाळतो आणि पुढे सरकतो. त्याच दगडांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली आहेत, हे सहसा नजरेतून सुटते.

३/ त्यांत नासिकची गोरखिता आहे. तिने एक खांब दान दिला. करहाकट नगराचेही दान आहे. अभ्यासक ते आजचे कराड मानतात. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी या गावांचा हात आजच्या मध्य प्रदेशातील स्तूपापर्यंत पोहोचला होता.

४/ १८७३ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम भरहुतला पोहोचले, तेव्हा स्तूपाचे बरेच दगड आसपासच्या बांधकामांत गेले होते. उरलेले कोलकात्यास आले. ते मूळ भूमीपासून तुटले हे खरे. पण गोरखितेचे नाव त्यामुळेच वाचता येते.

५/ आता दुपार. १९०३ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी खुले केलेले इंपीरियल ग्रंथालय स्वातंत्र्यानंतर ‘राष्ट्रीय’ झाले आणि १९५३ मध्ये बेल्व्हेडिअर येथे मौलाना आझाद यांच्या हस्ते वाचकांसाठी उघडले. १९५४ च्या कायद्यानुसार देशातील प्रत्येक प्रकाशकाने नव्या पुस्तकाची एक प्रत ३० दिवसांत, स्वखर्चाने येथे पाठवायची असते. साताऱ्यात छापलेले मराठी पुस्तकही त्यास अपवाद नाही.

६/ प्रत न पाठवल्यास या कायद्याने ठेवलेला दंड ५० रुपयांपर्यंत, अधिक पुस्तकाची किंमत. एवढ्या दंडाचा धाक कोणाला वाटणार? म्हणून हा प्रश्न कायद्यापेक्षा जाणिवेचा आहे. गावाचा इतिहास, संस्थेची स्मरणिका, कुलवृत्तांत अशी पुस्तके शे-दोनशे प्रतींत निघतात आणि एका पिढीत नाहीशी होतात. भरहुतचे दगड नेणाऱ्यांनाही आपण इतिहास मोडतो आहोत असे वाटले नसेल.

७/ गोरखितेने आपले नाव दगडावर कोरवून घेतले. आजच्या लेखकाचे नाव टिकवायला टपालाचा खर्च पुरतो. पुस्तक काढणाऱ्या प्रत्येकाने तो करावा, आणि वाचकांनी आपल्या ओळखीच्या प्रकाशकाला एकदा तरी विचारावे : कोलकात्याला प्रत गेली का?