जमीन न विकता शहर उभं करणारे सतीश मगर! मंचरमध्ये हे जमेल का?

पुण्याहून नाशिकला निघालं की साठेक किलोमीटरवर मंचर लागतं. डिंभे धरणाच्या पाण्यावर पिकणारा हा बागायती पट्टा. आता महामार्ग रुंद झालाय, बायपास झालाय, गावाची नगरपंचायत झालीये. साहजिकच प्लॉटिंगवाल्यांची नजर रस्त्याकडेच्या वावरांवर आहे. मग जमीन विकायची की राखायची?

हडपसरच्या सतीश मगर यांनी यावर तिसरा मार्ग काढला होता.

मगर शेतकी पदवीधर. शहर वाढत हडपसरपर्यंत आलं, तेव्हा त्यांनी भाऊकीतल्या सुमारे १२० कुटुंबांची ४०० एकरांहून जास्त जमीन एकत्र केली. १९९३ मध्ये टाऊनशिपचा आराखडा तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार यांच्यापुढे मांडला आणि पुढे कंपनी काढली. हिशोब सोपा होता, ज्याची जितकी जमीन त्याचे तितके शेअर. घरातल्या पोरांनी बांधकामाची कंत्राटं घेतली.

खरी मेख आहे सायबरसिटीत. फ्लॅट एकदा विकला की पैसा एकदाच येतो. आयटी कंपन्यांना ऑफिसं भाड्याने दिली, तर मालकी राहते आणि भाडं येत राहतं. थोडक्यात, उसाच्या जागी भाड्याचं पीक! पुढे नांदेड सिटीतही शेतकऱ्यांना भागीदार करून घेण्यात आलं आणि २०१९ मध्ये मगर बिल्डरांच्या क्रेडाई या देशपातळीवरच्या संघटनेचे अध्यक्ष झाले.

पण ही फक्त हुशारीची गोष्ट नाही. मगर यांचे चुलते अण्णासाहेब मगर १९७७ मध्ये खेडमधून खासदार झाले होते. मंचर तेव्हा त्याच मतदारसंघात होतं. सतीश मगर यांची कन्या कुंती या आमदार रोहित पवार यांच्या पत्नी. हे लग्न नंतरचं, पण सत्तेच्या दारात या घराची ओळख आधीपासून होती. शिवाय बहुतेक जमीनमालक एकाच आडनावाचे, एकमेकांवर भरवसा ठेवणारे.

मंचरमध्ये एकेका सातबाऱ्यावर चुलत्या-पुतण्यांची नावं, बांधावरून वाद. त्यात तरकारीचा पैसा दोन-तीन महिन्यांत हातात येतो. मगरपट्ट्यात आराखड्यापासून बांधकाम सुरू व्हायलाच जवळपास सात वर्षं गेली. तेवढा काळ कर्जाचे हप्ते कोण थांबवणार?

शिवाय मंचरकरांनी शेजारच्या खेडमधलं सेझही पाहिलंय. तिथेही शेतकऱ्यांना भागीदारीचं आश्वासन होतं. पण १५ टक्के परताव्यासाठी त्यांना वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली.