वही घरी येते, सभा होत नाही



गेल्या १५ ऑगस्टच्या आदल्या दिवशी बीड जिल्ह्यातल्या एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हप्त्यांचा हिशेब चालू असतानाच ग्रामपंचायतीचा शिपाई वही घेऊन आला. "मावशी, महिला सभेच्या सह्या द्या," म्हणाला. वही हातोहात फिरली. पंचवीस-तीस सह्या झाल्या, चार अंगठे उठले. सभा कधी आहे, असं मी विचारलं, तर बायका हसल्या. "हीच की सभा!" सह्यांच्या वरचं पान कोरं होतं. विषय काय, ठराव कोणता, सूचक कोण, अनुमोदक कोण, हे सगळं मागाहून भरायचं होतं. शेवटी ठरलेलं वाक्य येणारच होतं : सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.

ज्या बायका गटाच्या वहीतला रुपया न् रुपया तपासून घेतात, त्याच बायकांनी गावाच्या वहीत कोऱ्या पानावर सह्या केल्या. या विसंगतीबद्दल आज आपण आपसात बोलायला हवं.

ग्रामविकासात स्थानिक संस्थांचं महत्त्व सगळेच सांगतात. त्या संस्थांमध्ये बाईला जागा मिळावी म्हणून आपल्या चळवळीने बराच झगडा केला. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन झालं. पुढे १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरने संपूर्ण महिलांची पंचायत निवडून दिली. महाराष्ट्रात १९९० मध्ये ३० टक्के राखीव जागा आल्या. १९९३ मध्ये त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू होऊन देशभर एक तृतीयांश जागा मिळाल्या आणि २०११ मध्ये आपल्या राज्यात निम्म्या झाल्या. हे यश लहान नाही.

पण या सगळ्यात आपण निवडून आलेल्या बाईला शिकवलं आणि निवडून देणाऱ्या बाईला विसरलो. सदस्यांची शिबिरं घेतली, सरपंचांचे मेळावे भरवले. गावातली साधी मतदार बाई मात्र बचत गटाकडे सोपवून मोकळे झालो. गटाने तिला कर्ज दिलं, बँकेची पायरी दाखवली, हे खरंच. पण गावाचा पैसा कुठे खर्चायचा, हे गटात ठरत नाही. ते ग्रामसभेत ठरतं, निदान ठरायला हवं.

आणि हा पैसा आता थोडाथोडका राहिलेला नाही. चौदाव्या वित्त आयोगापासून, म्हणजे २०१५ पासून, केंद्राचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येऊ लागला. त्यासाठी गावाने स्वतः विकास आराखडा करायचा असतो. हे आराखडे जरा काढून पाहा. कमान, सभामंडप, पेव्हिंग ब्लॉक, चौकातला उंच दिवा. वस्तीवरच्या नळाला पाणी का येत नाही, मुलींच्या शाळेच्या वाटेवर दिवा का नाही, बायकांच्या शौचालयात पाणी का नाही, हे प्रश्न त्यात क्वचितच सापडतात. कारण आराखडा झाला तेव्हा ते प्रश्न मांडणारी बाई तिथे नव्हती, वहीत तिची फक्त सही होती.

कायद्याने तिला तिथे बोलावलेलं आहे. आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यात नियमित ग्रामसभेच्या आधी गावातल्या महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे आहेत. घराच्या उताऱ्यावर, म्हणजे नमुना नंबर आठवर, नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावण्याचा सरकारी निर्णय २००३ पासून आहे. यातलं किती आपल्या गावात घडलं, हे विचारण्याची पहिली जागा महिला सभाच आहे.

काही मैत्रिणी म्हणतात, वेगळी सभा कशाला? बाईने मुख्य ग्रामसभेतच बोलावं. बरोबर आहे. पण समोर सासरा, दीर आणि उसनवारी देणारा सावकार बसलेला असताना पहिल्यांदा उठून बोलणं किती अवघड असतं, ते गावात राहणारीलाच कळतं. महिला सभेत बोलून धीर येतो, आणि दुसऱ्या दिवशी पन्नासजणी मिळून ग्रामसभेत जाता येतं. तशा गेल्या नाहीत, तर महिला सभा हा बायकांना बाजूला बसवण्याचा नवा ओटाच ठरेल.

आणखी एक गोष्ट. बायका म्हणून सगळ्याजणी सारख्या नसतात. महिला सभेतही वाड्यावरच्या वहिनींचा शब्द आधी ऐकला जातो, दलित वस्तीतली बाई दाराशी उभी राहते. ऊसतोडीला गेलेली बाई २६ जानेवारीच्या सभेच्या वेळी फडावर कोयता चालवत असते. खुरपणीला जाणारीने सकाळी दहाच्या सभेला यायचं, तर दिवसाचा रोज बुडतो. वेळ आणि जागा तिच्या सोयीने ठरत नाही, तोवर ती सभा गावातल्या सगळ्या बायकांची नाही.

सभेतून काय होऊ शकतं, ते हेरवाडने दाखवलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या या गावाने मे २०२२ मध्ये विधवांवर लादलेल्या अमानुष प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं यांविरुद्ध एक गाव उभं राहिलं आणि त्याच महिन्यात राज्य सरकारला सगळ्या गावांसाठी परिपत्रक काढावं लागलं. ठरावाने प्रथा एका रात्रीत संपत नाही, हे आपण जाणतोच. पण नकार देणाऱ्या बाईच्या पाठीशी त्या दिवसापासून गावाचा कागद उभा राहतो.

म्हणून आपल्या सर्व गटांना आग्रहाची विनंती आहे. येत्या २६ जानेवारीच्या आधी ग्रामसेवकाकडे, ज्याला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, महिला सभेची तारीख आणि वेळ लेखी मागा. दवंडी वस्तीवरही पिटली जाते का, पाहा. सभेत आधीचं प्रोसिडिंग वाचून दाखवायला लावा. दहा टक्क्यांचा हिशेब विचारा. ठराव आपल्यासमोर, आपल्या शब्दांत, सूचक-अनुमोदकाच्या नावासह लिहून घ्या आणि मगच सही करा. दुसऱ्या दिवशी तोच ठराव घेऊन ग्रामसभेत बसा. नकार मिळाला तर गटविकास अधिकाऱ्याकडे अर्ज द्या, माहितीच्या अधिकारात नक्कल मागा.

यात भांडण होईल. सरपंच बाई असेल तर तीही कदाचित चिडेल, कारण तिच्यावर घरचा आणि गावचा दाब असतो. तिला एकटी पाडू नका. विचखेड्याच्या महिला सरपंचाला अपात्र ठरवण्यात आलं, तेव्हा न्यायासाठी तिला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. २०२४ मध्ये तिचं पद तिला परत मिळालं. अशा बाईमागे गावातल्या बायकांची जिवंत सभा असेल, तर तिला हटवणं इतकं सोपं राहणार नाही.

त्या गावातल्या बायकांनी निघताना मला विचारलं, "पुढच्या वेळी वही आली तर काय करायचं?" उत्तर मी तिथेच दिलं, तुम्हालाही तेच सांगते. वही परत पाठवा. सांगा, आम्ही येतो, सभा घ्या.

– संपादक मंडळाच्या वतीने